चहाचे दहा रुपये आणि वर्षभराचा कापूस



आपल्या नेरडीगोंड्यातून जाणाऱ्या ४४ नंबरच्या हायवेवर चहाच्या टपऱ्या आहेत. बिस्किटाच्या बरणीला क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला, बाजूला पैसे जमा झाल्याचे ओरडून सांगणारा छोटा डबा. टपरीवाल्याला यूपीआय कुणी शिकवले? कुणीच नाही. गिऱ्हाईक म्हणाले सुट्टे नाहीत, शेजारच्या दुकानदाराने कोड लावला, म्हणून यानेही लावला. पहिला आठवडा घाबरत गेला असेल, नंतर हात बसला.

त्याच गावात, तसाच फोन खिशात असलेला शेतकरी कापूस विकायची वेळ आली की तो फोन दुसऱ्याच्या हातात देऊन उभा राहतो. 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी कर, स्लॉट घे, ओटीपी आला का बघ. काम होते, पण काय झाले ते त्याला कळत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रकार.

दोघांच्या शिक्षणात फरक नाही, फोनमध्येही नाही. मग एक जण शिकला आणि दुसरा परावलंबी झाला, असे का? सरकारी भाषेत याला 'डिजिटल साक्षरतेचा अभाव' म्हणतात आणि प्रशिक्षण शिबिर घेतात. बत्तीस-तेहतीस वर्षे बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसल्यावर मला हे उत्तर पटत नाही. टपरीवाला दिवसातून शंभर वेळा दहा रुपयांचा व्यवहार करतो. चुकला तर दहा रुपयांची चूक. कापूसवाला वर्षातून एकदा व्यवहार करतो, आणि चुकला तर वर्ष जाते. वर्षातून एकदा लागणारी गोष्ट कुणाच्याही हाताला बसत नाही, मग तो बी.कॉम. झालेला असो की अंगठेबहाद्दर. मी स्वतः इन्कम टॅक्सचे रिटर्न दरवर्षी भरतो आणि दरवर्षी पासवर्ड विसरतो.

देशाचे आकडे मोठे आहेत. यूपीआय २०१६ साली सुरू झाले; ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. जनधन खाती २०१४ पासून आतापर्यंत ५६ कोटींच्या वर गेली. हे खोटे नाही, आणि कमी तर अजिबात नाही. पण या आकड्यांत टपरीवाला दिसतो, कापूसवाला दिसत नाही.

यावरून मला आमच्या बँकेतले दिवस आठवतात. डॉ. रंगराजन समितीचा बँकांच्या संगणकीकरणाचा अहवाल १९८४ साली आला, तेव्हा युनियनचा केवढा विरोध होता! नोकऱ्या जाणार, चुका होणार, खातेदाराचे पैसे हरवणार. पुढे यंत्रे आली, मग पूर्ण संगणकीकरण, मग कोअर बँकिंग. प्रत्येक वेळी बँकेने एक गोष्ट केली, ती म्हणजे समांतर काम. नवीन यंत्रावर नोंद करायची आणि जुन्या लेजरमध्येही हाताने करायची. संध्याकाळी दोन्हीकडचा बॅलन्स जुळला पाहिजे. नाही जुळला तर रात्रीचे नऊ वाजोत, फरक सापडेपर्यंत घरी जायचे नाही. असे कित्येक आठवडे चालले. आम्ही शिव्या घालत होतो, कारण काम दुप्पट होते. पण त्या आठवड्यांत आम्ही शिकलो, यंत्राच्या चुकाही सापडल्या, आणि खातेदाराला त्याची झळ बसली नाही. जुने लेजर कपाटात गेले ते नवीन यंत्रावर सगळ्यांचा विश्वास बसल्यावर.

पगारी, शिकलेल्या, ट्रेनिंग कॉलेजला जाऊन आलेल्या कारकुनांना एवढी सवलत होती. शेतकऱ्याला ती मिळाली नाही. त्याच्या बाबतीत नवीन दार उघडते त्याच दिवशी जुने दार बंद होते.

आपल्या मंडलातल्या रोलमामडा टोलनाक्याचे उदाहरण घ्या. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला. पण सक्ती म्हणजे काय, तर फास्टॅग नसेल तर दुप्पट टोल. नोव्हेंबर २०२५ पासून त्यातही ढिलाई आली: यूपीआयने भरलात तर सव्वापट, रोख दिलेत तर दुप्पट. म्हणजे दंड आहे, पण रस्ता बंद नाही. गाडी पुढे जाते. आणि दंड टाळायचा म्हणून ट्रकवाले, जीपवाले सगळे महिन्याभरात शिकले.

दुसरे उदाहरण आम्हा पेन्शनरांचे. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला द्यावा लागतो. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आले, अंगठ्यावर दाखला. पुढे अंगठे उमटेनात म्हणून २०२१ मध्ये चेहऱ्यावरून दाखला आला. तरीही आजही एखाद्या आजोबांना काहीच जमले नाही, तर बँकेत जाऊन कागदावर सही करता येते. तिन्ही वाटा उघड्या आहेत. का? कारण पेन्शनर संघटित आहेत, पत्रे लिहितात, भांडतात, आणि त्यांच्याकडे वेळ भरपूर आहे. (हे मी स्वतःवरून सांगतो.)

आता कापसाकडे या. २०२५-२६ च्या हंगामात केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल हमीभाव दिला. त्याच वेळी ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले, आणि ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. बाहेरचा कापूस स्वस्त पडू लागल्यावर खाजगी व्यापारी हमीभाव कशाला देतील? त्यामुळे ज्या वर्षी शेतकऱ्याला भारतीय कापूस महामंडळाची, म्हणजे आपल्या बोलीत सीसीआयची, सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्याच वर्षी सीसीआयच्या दारावर अ‍ॅप आले. अ‍ॅपवर नोंदणी, मग केंद्र आणि दिवस ठरवणारा स्लॉट, मगच कापूस घेऊन जायचे.

या पद्धतीमागचा हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. आदिलाबाद यार्डासमोर रात्र-रात्र थांबलेल्या गाड्यांच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याचा माल घालण्याचे प्रकारही नवे नाहीत. स्लॉटमुळे रांग कमी व्हावी, आधारमुळे खोटा शेतकरी गाळला जावा, हे कुणालाही पटेल. पण त्यासाठी लागते काय, ते बघा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे, कारण ओटीपी तिथेच येतो. आपल्याकडे कित्येकांच्या आधारला दहा वर्षांपूर्वीचे सिम जोडलेले आहे, जे रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद पडले. जमीन ज्याच्या नावावर, नाव त्याचेच. पण जमीन अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असते, नाहीतर कसणारा बटाईदार असतो. पासबुकावर एक आडनाव, आधारवर दुसरे. मराठी आडनावाचे तेलुगूत आणि तेलुगूतून इंग्रजीत लेखन होताना त्याचे काय होते, हे आपल्यापैकी प्रत्येक घराला माहीत आहे.

त्यात ओलाव्याचा हिशेब. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, म्हणजे ८,११० च्या भावात क्विंटलमागे सुमारे ८१ रुपये, आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर माल परत. स्लॉटची तारीख फोन ठरवतो, ओलावा आभाळ ठरवते. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे सकाळी दव केवढे असते! तेलंगणात एकरी खरेदीची मर्यादा १२ वरून ७ क्विंटलवर आली, त्यावरून आदिलाबाद जिल्ह्यात आंदोलने झाली. तो धोरणाचा वाद, अ‍ॅपचा नव्हे. पण शेतकऱ्याच्या मनात सगळे एकच होऊन बसते: 'फोनने घात केला.' आणि अशी समजूत एकदा बसली की पुढचे दहा चांगले अ‍ॅप आले तरी माणूस लांबच राहतो.

ज्याचे अ‍ॅपवर जमले नाही त्याला उरतो खाजगी व्यापारी, हमीभावाच्या खालच्या दराने. टोलनाक्यावरचा दंड छापील असतो आणि सर्वांना सारखा असतो. इथला दंड व्यापारी ठरवतो.

पैनगंगेपलीकडे आपल्या सोयऱ्यांच्या गावी, यवतमाळ-नांदेडकडे, कापसाला हेच अ‍ॅप आहे. पण तिथली एक दुसरी गोष्ट पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. पहिल्या वर्षी गोंधळ झाला: रेंज नाही, फोटो चढत नाही, मुदतवाढ. पण पुढे त्यांनी शेतकऱ्याकडून राहिलेली नोंद करायला गावपातळीवर सहायक नेमण्याची सोय केली. उशिरा का होईना, दुसरे दार ठेवले. आपल्या तेलंगणात पिकाची नोंद शेतकऱ्यावर टाकलेलीच नाही, ती कृषी विस्तार अधिकारी करतो. दोन राज्ये, दोन पद्धती, आणि आपली कुटुंबे दोन्हीकडे. एवढा तुलनेचा अनुभव हैदराबादच्या मोठ्या अधिकाऱ्यालाही नसेल. पण तो आपल्याला विचारतो कोण?

जुने दार घाईने बंद केल्याचा सर्वांत महागडा धडा आपल्या राज्याने 'धरणी'त घेतला. २९ ऑक्टोबर २०२० ला पोर्टल सुरू झाले. नोंदणी आणि फेरफार एकाच दिवशी, ही सोय खरोखर मोठी होती. पण नावात चूक, क्षेत्रात चूक, सर्व्हे नंबर भलत्याच यादीत, असे झाले तर दुरुस्तीचा अधिकार तहसीलदाराकडून काढून वर कलेक्टरकडे नेलेला. ज्या कचेरीत चूक डोळ्यांना दिसते, तिथे ती दुरुस्त करता येत नव्हती. शेवटी कायदाच बदलावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये 'भू भारती' आली. मधल्या साडेचार वर्षांत किती जणांची कर्जे, किती जणांच्या वाटण्या अडल्या, त्याचा अनुभव बऱ्याच घरांत असेल.

सरकारने शिकवायचा प्रयत्नच केला नाही, असे मात्र नाही. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये मंजूर झाले. उद्दिष्ट ६ कोटी ग्रामीण घरे, प्रत्येक घरातील एक व्यक्ती, २० तासांचा कोर्स, शेवटी परीक्षा. मार्च २०२४ मध्ये योजना संपली तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोक शिकल्याची नोंद झाली. उद्दिष्टापेक्षा जास्त! बँकेत असतो तर मी या शाखेला ढाल दिली असती. पण योजनेच्या दोन अटी नीट वाचा. घरटी एक जण, आणि वय १४ ते ६०. आपल्या घरांत तो 'एक जण' कोण असतो? नातू, नाहीतर धाकटा मुलगा. तो शिकतो आणि हैदराबादला किंवा नागपूरला कामाला जातो. सोबत घराचे शिक्षणही बसमध्ये बसून जाते. आणि ज्यांच्या नावावर जमीन, ज्यांच्या नावावर पेन्शन, ते साठीच्या पुढचे. ते अटीतच बसत नव्हते.

यंत्रे वाटून काम होते, अशी समजूत २०१६ च्या नोटबंदीनंतर फार होती. ठाणे जिल्ह्यातील धसई गाव त्या डिसेंबरमध्ये 'कॅशलेस' जाहीर झाले, दुकानादुकानांत स्वाइप मशीन आली. नोटा परत आल्या तशी ती मशीन मागे पडली. मेळघाटातील हरिसाल पहिले 'डिजिटल गाव' म्हणून गाजले, आणि २०१९ च्या निवडणुकीत त्याच गावाची प्रत्यक्ष स्थिती प्रचारसभेतल्या पडद्यावर दाखवली गेली. राजकारण सोडा, मुद्दा इतकाच की यंत्राशेजारी माणूस आणि माणसाला रोजची गरज, दोन्ही नसतील तर यंत्रावर धूळ बसते. केनियात २००७ साली मोबाईलवरून पैसे पाठवायची 'एम-पेसा' सेवा सुरू झाली, तेव्हा तिथे साधे बटणाचे फोन होते. ती चालली ती कोपऱ्याकोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बसलेल्या एजंटमुळे. रोख देणारा-घेणारा, ओळखीचा, आपल्या भाषेत बोलणारा माणूस. आपल्याकडचे बँक मित्र त्याच जातीचे.

बँक मित्रावरून एक इशारा. अंगठ्यावर पैसे काढताना मशीनचा आवाज, पावती, रक्कम या तीन गोष्टी स्वतः तपासा. 'अंगठा उमटला नाही, पुन्हा ठेवा' असे सांगून दोनदा पैसे काढल्याच्या तक्रारी मी नोकरीत असताना हाताळल्या आहेत. २०१८ साली आपल्याच राज्यात, पेद्दापल्ली जिल्ह्यात, जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे रबरावर उतरवून हजारो सिमकार्डे सुरू केल्याचे उघडकीस आले होते. आधारच्या अ‍ॅपमधून ठसे 'लॉक' करता येतात. वापरायचे तेव्हाच उघडायचे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये अशा अंगठा-मशीनवाल्यांची कसून पडताळणी करण्याचे आदेश बँकांना दिले, ते जानेवारी २०२६ पासून लागू झाले आहेत.

खरे कौशल्य फोनवर बोट फिरवण्याचे नाही. माझ्या शाखेत एक आजी यायच्या. सरकारी पैसे आले नाहीत म्हणून तीन महिने हेलपाटे. पासबुक कोरे. चौकशी केली तर पैसे वेळेवर आलेले होते, पण दुसऱ्याच बँकेत. नातवाने कुठल्या तरी कॅम्पमध्ये आजीचे नवीन खाते उघडले होते, आणि आधारवर येणारे पैसे सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. हा नियम आजीला माहीत नव्हता, नातवालाही नव्हता. २०१७ साली तर एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेने सिमच्या पडताळणीसोबत ग्राहकांची खाती उघडली आणि लाखो लोकांचे गॅसचे अनुदान तिकडे वळले. आधार प्राधिकरणाला कारवाई करावी लागली. तेव्हा आपले आधार आज कोणत्या बँकेला जोडलेले आहे, हे माहीत असणे हे क्यूआर कोड स्कॅन करण्यापेक्षा मोठे शिक्षण आहे.

तसेच तक्रारीचे. फसवणूक झाली तर पहिल्या तासात १९३० वर फोन, आणि लगेच बँकेला लेखी कळवणे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमचा दोष नसलेल्या व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर तुमच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत दिली तर मर्यादित येते. मात्र ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान तुमचे. म्हणून लाजेपायी दोन दिवस घरात कुणाला न सांगणे फार महाग पडते. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे वाक्य घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडून पाठ करून घ्या.

आपल्या समाजाची एक खास अडचण आहे, ती बाहेरच्या कुणाला दिसणार नाही. जुनी पिढी मराठी शाळेत शिकली, तिला देवनागरी वाचता येते. नातवंडे तेलुगू नाहीतर इंग्रजी माध्यमात. बँकेचा मेसेज इंग्रजीत, मी सेवाची पावती तेलुगूत. नातू अक्षरे वाचतो, पण 'होल्ड' म्हणजे काय, कर्जखात्यात जमा झालेले पैसे काढता का येत नाहीत, हे त्याला कळत नाही. आजोबांना व्यवहार पक्का कळतो, पण अक्षर वाचता येत नाही. ज्ञानाचे दोन अर्धे तुकडे एकाच घरात दोन खोल्यांत पडलेले. जवळच्याच नारनूर मंडलातील गुंजाळा गावची गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली, आपल्या जिल्ह्याचा तो अभिमान; पण अक्षर संगणकात आले म्हणून खात्याचा संदेश त्या अक्षरात येऊ लागतो असे नाही. आपली मराठी तर संगणकात कधीपासून आहे. यूपीआयच्या बहुतेक मोठ्या अ‍ॅपमध्ये मराठी निवडता येते. किती घरांत कुणी निवडून दिली आहे?

राज्यात २,६०१ रैतू वेदिका बांधलेल्या आहेत. पाच हजार एकरांच्या क्लस्टरला एक हॉल आणि एक विस्तार अधिकारी. माझे मत असे की कापसाच्या नोंदणीच्या महिन्यात तिथे एक टेबल, एक रजिस्टर आणि कागदावर अर्ज घेऊन पावती देणारा एक माणूस बसावा. अ‍ॅप राहू द्या, रजिस्टरही राहू द्या, दोन-तीन हंगाम दोन्ही चालवा, आणि संध्याकाळी जुळवा. नवीन काही नाही, बँकांनी चाळीस वर्षांपूर्वी केले तेच. मंडळाच्या लेटरहेडवर तसे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. मसुदा तयार आहे; तेलुगूत उतरवायला कुणी तरुण पुढे यावा.

मागच्या वर्षी कापसाची नोंदणी सप्टेंबरमध्ये सुरू झाली. तोपर्यंत आधारचा मोबाईल नंबर चालू आहे का, आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे, पासबुकावरचे नाव आणि आधारवरचे नाव एक आहे का, आणि वारलेल्या माणसाच्या नावावरची जमीन वारसांच्या नावे झाली का, एवढे प्रत्येक घराने उन्हाळ्यातच बघून घ्यावे. शेवटच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून ते आधी. मी रविवारी सकाळी दहानंतर घरीच असतो. येताना कागद घेऊन या, आणि फोन ज्याच्या खिशात असतो तो नातूही सोबत आणा.